गेम अँड वॉच

गेम अँड वॉच : हातात मावणाऱ्या इलेक्ट्रॉनिक खेळांची जपानी मालिका. क्योटोच्या निन्टेंडो कंपनीने ती १९८० ते १९९१ या काळात काढली. एका यंत्रात एकच खेळ, आणि खेळत नसाल तेव्हा तेच घड्याळ. यावरून हे नाव पडले. स्पर्धेत बक्षीस म्हणून दिलेला एक धरून एकूण ६० खेळ निघाले. जगभर ४ कोटी ३४ लाख नग खपले. त्यांतले १ कोटी २९ लाखांच्या आसपास जपानात, बाकीचे बाहेर. आकडे मोठे आहेतच, पण या मालिकेचे वेगळेपण तिच्या पडद्यात आहे. आज पडद्यावरचे चित्र प्रोग्राम रंगवतो. गेम अँड वॉचचे चित्र कारखान्यातूनच काचेवर कायमचे उमटून येत असे. पुढच्या चाळीस वर्षांत या खेळांच्या ज्या ज्या नव्या आवृत्त्या आल्या, त्यांतल्या प्रत्येकीला या काचेचे काय करायचे ते आधी ठरवावे लागले.

मालिकेचे जनक गुनपेई योकोई (१९४१–९७). त्यांनीच सांगितलेली हकीकत अशी : आगगाडीच्या प्रवासात समोरचा एक नोकरदार वेळ जात नाही म्हणून कॅल्क्युलेटरची बटणे उगाच दाबत बसला होता. मोठ्या माणसालाही चारचौघांत लाजल्याशिवाय खेळता येईल, मांडीवर दोन हातांत लपेल असे काहीतरी हवे, हे त्यावरून त्यांना सुचले. पुढे कंपनीचे अध्यक्ष हिरोशी यामाउची यांचा चालक आजारी पडला आणि गाडी चालवायची वेळ योकोईंवर आली. वाटेत त्यांनी ही कल्पना सहज बोलून दाखवली. यामाउची ज्या बैठकीला निघाले होते तिथे त्यांच्या शेजारी बसले होते शार्प कंपनीचे अध्यक्ष अकिरा साएकी. आठवड्याभरात शार्पची माणसे निन्टेंडोच्या दारात हजर झाली.

शार्पलाही याची गरज होती. सत्तरच्या दशकात कॅल्क्युलेटर बनवणाऱ्यांत किमती पाडण्याची चढाओढ लागली होती. चिप आणि द्रवस्फटिकाचे (एलसीडी) पडदे स्वस्त झाले होते आणि त्यांना नवे गिऱ्हाईक हवे होते. योकोईंचे सूत्रच होते की नव्या, महागड्या तंत्राच्या मागे धावू नये, जुने झालेले तंत्र घेऊन ते आडवाटेला वापरावे. यासाठी त्यांनी वापरलेल्या जपानी शब्दाचा अर्थ ‘सुकलेले’ असा आहे. मराठीत ‘मुरलेले’ म्हटले तर मुद्दा जास्त नेमका कळतो. गेम अँड वॉचच्या आत होती ती शार्पची चार बिटची चिप, एक बारीक बझर आणि बटन सेल. बस्स, एवढेच.

काचेचे तंत्र समजून घेण्यासाठी कॅल्क्युलेटरचा आठ हा आकडा डोळ्यांसमोर आणावा. तो सात काड्यांचा असतो. त्यांतल्या काही काळ्या केल्या की तीन होतो, काही मिटवल्या की एक. गेम अँड वॉचमध्ये काड्यांच्या जागी माणसे, चेंडू, माकडे आणि खेकडे आहेत. धावणारा माणूस चार जागी दिसायचा असेल तर काचेवर चार वेगवेगळी माणसे आखलेली असतात आणि एका वेळी त्यांतला एकच काळा होतो. म्हणजे माणूस सरकत नाही, एका जागी विझतो आणि दुसऱ्या जागी पेटतो. दोन आकृत्या एकमेकींवर येऊ शकत नाहीत, कारण काचेचा तोच तुकडा दोघींना वापरता येत नाही. चिप मोजकेच तुकडे चालवू शकते, त्यामुळे प्रत्येक हात-पाय काटकसरीने आखावा लागे. सुरुवातीच्या खेळांचे चित्रकार माकोतो कानो यांनी या अडचणीतूनच ती ओळखीची आकृती घडवली : गोल डोके, नळीसारखे हात-पाय, टोकदार नाक आणि चेहऱ्यावर काहीच नाही. यंत्र उजेडात तिरके धरले की न पेटलेल्या आकृत्यांच्याही फिकट सावल्या दिसतात. पुढे काय काय घडू शकते ते सगळे एकाच वेळी, धुक्यातून दिसावे तसे.

पहिला खेळ ‘बॉल’ २८ एप्रिल १९८० रोजी ५,८०० येनला बाजारात आला. मधोमध एक माणूस उभा असतो आणि तो चेंडू वर उडवून झेलतो. बटणे दोनच, डावे आणि उजवे. गोम अशी की दोन्ही हात एकत्रच सरकतात. डावा हात बाहेर गेला की उजवा आपोआप आत येतो. चेंडूंच्या वाटा एकात एक असलेल्या कमानींसारख्या आहेत. बाहेरची लांब, आतली आखूड. त्यामुळे डाव्या बाजूचा चेंडू वाचवायला जावे तर उजवीकडच्या चेंडूखालून हात निघून जातो. पहिल्या प्रकारात दोन चेंडू आणि प्रत्येक झेलाला एक गुण, दुसऱ्यात तीन चेंडू आणि झेलाला दहा. एक चेंडू पडला की खेळ खलास. थोडा वेळ खेळले की नजर चेंडूवर राहतच नाही. चेंडू एक एक घर पुढे जातो तसा बझर टिकटिकतो आणि बोटे त्या ठेक्यावर चालू लागतात. हा ठेका म्हणजेच खेळ, असे म्हटले तरी चालेल. नव्या आवृत्त्या फसल्या त्या बहुतेक इथेच.

‘बॉल’ धरून रुपेरी मुखपट्टीची पाच यंत्रे झाली, मग सोनेरी, मग १९८१ पासून मोठ्या पडद्याची. याच टप्प्यावर निन्टेंडोने स्वतःच्या खेळाची पहिली नवी आवृत्ती काढली. जळत्या इमारतीतून उड्या मारणाऱ्या माणसांना झोळीवर उसळवत रुग्णवाहिकेपर्यंत न्यायचे, हा ‘फायर’ १९८० मध्ये आला होता. पुढच्याच वर्षी तो मोठ्या काचेवर, मागे रंगीत चित्र छापून पुन्हा आला. ‘पॅराशूट’, ‘ऑक्टोपस’, ‘शेफ’ हे याच फळीतले, आणि माझ्या मते मालिकेतले सर्वांत नेटके खेळ. नंतरच्या टेबलावर ठेवायच्या, आरशाच्या आणि पारदर्शक पडद्याच्या यंत्रांत नवलाई जास्त होती, खेळ कमी.

१९८२ च्या ‘डाँकी काँग’ने मात्र इतिहास घडवला. पुस्तकासारखे मिटणारे दोन पडद्यांचे यंत्र. त्याला दिशा देणारा उभा दांडा (जॉयस्टिक) लावला तर झाकण लागणार नाही. म्हणून योकोईंनी एक चपटे, अधिक चिन्हाच्या आकाराचे बटण बसवले. खाली न पाहता अंगठ्याला चारही दिशा कळाव्यात, हा हेतू. तेच बटण १९८३ मध्ये निन्टेंडोच्या घरगुती यंत्रावर, फॅमिकॉमवर गेले आणि तिथून जवळजवळ प्रत्येक खेळयंत्रावर. १९८९ मध्ये योकोईंच्याच चमूने गेम बॉय आणला. एका यंत्रात हवे तेवढे खेळ घालता येऊ लागल्यावर गेम अँड वॉचची गरज संपली. ‘मारिओ द जगलर’ हा शेवटचा खेळ १९९१ मध्ये निघाला. त्यातही चेंडूंसारख्या वस्तू झेलायच्याच होत्या.

नकलांमध्ये सर्वांत गाजली ती सोव्हिएत संघातली. ‘इलेक्ट्रॉनिका आयएम-०२’ हे यंत्र १९८४ मध्ये आले, किंमत २५ रूबल. मूळ निन्टेंडोचा १९८१ चा ‘एग’ : चार घसरगुंड्यांवरून अंडी येतात, चार बटणे, टोपली योग्य कोपऱ्यात न्यायची. सोव्हिएत आवृत्तीत ‘नू, पगदी!’ या लोकप्रिय कार्टूनमधला लांडगा अंडी झेलतो. कोपऱ्यातून ससा डोकावत असताना अंडे फुटले तर अर्धीच चूक धरली जाते. हजार गुण केले की यंत्रावर कार्टून दिसते, अशी वदंता तिकडच्या मुलांमध्ये वर्षानुवर्षे होती. प्रत्यक्षात ९९९ नंतर गुणफलक मुकाट शून्यावर येतो. दुसरे काही होणे शक्यच नव्हते. काचेवर जे आखलेलेच नाही ते दिसणार कुठून?

अधिकृत पुनर्निर्मितीच्या दोन वाटा झाल्या. पहिली, काच सोडून देण्याची. गेम बॉयवरच्या ‘गेम अँड वॉच गॅलरी’ या संग्रहांत (१९९७ पासून) प्रत्येक खेळ दोन रूपांत होता. जुन्या रूपात त्याच काळ्या आकृत्या, नव्यात निन्टेंडोचा लाडका नायक मारिओ आणि मंडळी. नव्या ‘फायर’मध्ये मारिओ आणि त्याचा भाऊ लुइजी झोळी धरतात, ‘मॅनहोल’मध्ये त्यांचा डायनोसॉर योशी पूल होतो. चित्रे सुरेख आहेत, पण हालचाल गुळगुळीत झाली की चेंडू किंवा माणूस नेमका कोणत्या क्षणी झेलायचा ते धूसर होते. मूळ खेळात ‘झेलला’ आणि ‘पडला’ यांच्या मध्ये काहीच नव्हते. हे ज्यांना बरोबर कळले त्यांनी ‘मिस्टर गेम अँड वॉच’ हे पात्र केले. २००१ च्या ‘सुपर स्मॅश ब्रदर्स मेले’मध्ये इतर सगळे लढवय्ये त्रिमितीत सफाईने हालतात, हा मात्र कागदासारखा सपाट, काळा, आणि एका मुद्रेतून दुसऱ्या मुद्रेत टुणकन जाणारा. मूळ खेळाचे सर्वांत अचूक स्मरण एका मारामारीच्या खेळात व्हावे, ही गंमतच.

दुसरी वाट काच पुन्हा बनवण्याची. १९९८ च्या सुमारास परवान्याने निघालेल्या ‘मिनी क्लासिक्स’ या किल्लीच्या साखळीला अडकवायच्या यंत्रांत ‘फायर’, ‘पॅराशूट’ वगैरे खेळ छोट्या काचेवर नव्याने आखले होते. पहिल्या खेळाला तीस वर्षे झाली तेव्हा, २०१० मध्ये, निन्टेंडोने जपानमधल्या आपल्या ग्राहक-मंडळाच्या सभासदांसाठी ‘बॉल’ पुन्हा बनवला. खरी काच, खरे तुकडे. मागे मंडळाचे बोधचिन्ह आणि आवाज बंद करायची सोय, एवढीच भर. सगळ्या पुनर्निर्मितींत हीच सर्वांत प्रामाणिक म्हणावी लागेल, आणि तीच दुकानात कधी विकायला आली नाही.

१३ नोव्हेंबर २०२० रोजी आलेले ‘गेम अँड वॉच : सुपर मारिओ ब्रदर्स’ मात्र वेगळ्या जातीचे आहे. सोनेरी मुखपट्टी आणि ठेवण जुनीच, पण आत छोटा रंगीत पडदा, चार्ज होणारी बॅटरी आणि घरगुती यंत्रावरचे दोन मारिओ-खेळ. ‘बॉल’ त्यातही आहे. झेलणाऱ्याचे डोके तेवढे मारिओचे. पुढच्या वर्षी, १२ नोव्हेंबर २०२१ रोजी, ‘द लेजंड ऑफ झेल्डा’चे यंत्र आले, त्यात १९८० चा ‘व्हर्मिन’ हा खेळ झेल्डाचा नायक लिंक याचा चेहरा लावून बसवला होता. हौशी तंत्रज्ञांनी पहिल्या यंत्राचे कुलूप लगोलग फोडून त्यावर ‘डूम’ हा संगणकावरचा गाजलेला गोळीबाराचा खेळ चालवून दाखवला. जुन्या यंत्रावर असले काही करताच आले नसते.

जतन करणाऱ्यांचे काम सर्वांत किचकट. अनुकरण-प्रणालीसाठी (जुने यंत्र संगणकावर हुबेहूब चालवणाऱ्या प्रोग्रामसाठी) चिपचे कवच काढून, सूक्ष्मदर्शकाखाली तिच्यावरचे बिट वाचून प्रोग्राम मिळवता येतो. पण त्या प्रोग्राममध्ये चित्र नसतेच. कितव्या क्रमांकाचा तुकडा कधी पेटवायचा एवढेच असते. म्हणून एखादे यंत्र उघडून काच वेगळी काढायची, सगळ्या आकृत्या एकदम उमटलेल्या स्थितीत ती स्कॅन करायची, मग प्रत्येक हात, प्रत्येक चेंडू, प्रत्येक आकड्याची काडी संगणकावर हाताने गिरवून तिला क्रमांक द्यायचा. हे नीट झाले की काही जण त्यात आणखी एक गोष्ट मुद्दाम घालतात : न पेटलेल्या आकृत्यांच्या फिकट सावल्या.