ओशन ग्रोव्ह: न विकलेल्या जमिनीचं गाव

मे महिना लागला की अमेरिकेत न्यू जर्सीच्या किनाऱ्यावर, ओशन ग्रोव्हमध्ये राहुट्या उभ्या राहू लागतात. पुढे पट्ट्यापट्ट्यांचं कापड आणि छोटीशी पडवी, मागे लाकडी खोपटं, त्यात स्वयंपाकघर आणि न्हाणीघर. सप्टेंबरात कापड उतरतं, घडी होऊन खाटा-खुर्च्यांसकट त्याच खोपटात जातं आणि दाराला कुलूप लागतं. अशा 114 राहुट्या आहेत आणि एखादी मिळायला कित्येक वर्षं थांबावं लागतं.

याची सुरुवात प्रार्थनेतून झाली. जंगलात राहुट्या ठोकून काही दिवस उपासना करायची, या कॅम्प मीटिंगच्या प्रथेत मेथडिस्ट या प्रोटेस्टंट ख्रिस्ती पंथाची मंडळी आधीपासूनच मुरलेली होती. यादवी युद्धानंतर शहरं दाटली, उन्हाळ्यात समुद्राची ओढ वाढली. पण किनाऱ्यावरच्या करमणुकीत दारू आणि जुगार आलाच, आणि तो या मंडळींना नको होता. विल्यम ऑसबॉर्न आणि एलवुड स्टोक्स हे पाळक नव्या जागेच्या शोधात होते. उंच किनारा, दाट झाडी आणि मुख्य म्हणजे डासांचा कमी त्रास, म्हणून ही जागा पसंत पडली. 31 जुलै 1869 च्या संध्याकाळी मूठभर माणसं एका राहुटीत मेणबत्तीच्या उजेडात प्रार्थनेला बसली. वर्षअखेरीस 13 पाळक आणि 13 सामान्य सभासद अशा 26 विश्वस्तांची संस्था उभी राहिली. 1870 मध्ये तिला राज्याची सनद मिळाली.

माझ्या मते सगळ्यात दूरदृष्टीचा निर्णय जमिनीचा होता. संस्थेने जमीन विकली नाही. 99 वर्षांच्या भाडेपट्ट्याने प्लॉट दिले, आणि जुन्या पट्ट्यांचं वार्षिक भुईभाडं होतं साडेदहा डॉलर. घर तुमचं, जमीन संस्थेची. त्यामुळे गावात दारूचं दुकान येऊ शकलं नाही आणि बेताच्या मिळकतीच्या कुटुंबालाही समुद्रकाठी उन्हाळा काढता आला. किनाऱ्याकडे जाताना काही रस्ते रुंदावत जातात, घरं मागे सरकत जातात. मागच्या घरांनाही वारा मिळावा, हा त्यातला हेतू. धर्मादाय काम नकाशातच आखलेलं असावं, याचं इतकं साधं उदाहरण मला दुसरं आठवत नाही.

पण एवढ्याशा भाड्यावर मोठी कामं होत नाहीत. ती लोकांच्या देणग्यांवर झाली. 1894 मध्ये हजारो माणसं मावतील असं प्रचंड लाकडी सभागृह 92 दिवसांत उभं राहिलं. त्यातला रॉबर्ट होप-जोन्स यांनी घडवलेला 1908 चा ऑर्गन आजही वाजतो.

मराठी वाचकाला जवळचा धागा ऑसबॉर्न यांचा. 1870 च्या दशकात ते मेथडिस्ट मिशनच्या कामासाठी भारतात, मुंबई भागात आले. त्या काळापासून लोणावळ्यालाही कॅम्प मीटिंग भरू लागल्या. 1890 च्या दशकात पंडिता रमाबाई आपल्या आश्रमातल्या 15 मुलींना घेऊन तिथे गेल्या होत्या. पहाटे एकांतात रानात बसून त्यांनी देवाकडे मागणं केलं: या पंधरांचा वर्ग (15 गुणिले 15) होऊ दे, 225 मुली दे. ही आठवण त्यांनी स्वतःच लिहून ठेवली आहे.

ज्या मालकीने ओशन ग्रोव्हला जपलं, तिनेच वादही आणले. शनिवारी मध्यरात्री गावाच्या वाटांवर साखळ्या लागायच्या, रविवारी गाड्यांना बंदी. धार्मिक संस्थेने नगरपालिकेचे अधिकार चालवणं राज्यघटनेत बसत नाही, असा निकाल राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने 1979 मध्ये दिला आणि कारभार नेपच्यून टाउनशिपकडे, म्हणजे हे गाव ज्या नगरक्षेत्रात येतं त्याच्याकडे गेला. 2007 मध्ये एका समलिंगी जोडप्याला समारंभासाठी किनाऱ्यावरचा मंडप नाकारला गेला. मंडप सगळ्यांसाठी खुला म्हणून संस्था करसवलत घेत होती. ती सवलत मंडपापुरती गेली, आणि पुढे निकालही जोडप्याच्या बाजूने लागला. करसवलत म्हणजे समाजानेच दिलेली देणगी. ती घेतली की दार सगळ्यांसाठी उघडं ठेवावं लागतं, आणि हा निकाल मला योग्य वाटतो.

ऑक्टोबर 2012 मध्ये सँडी वादळाने सभागृहाच्या छपराचा भाग उडवला आणि किनाऱ्यावरचा फळ्यांचा रस्ता उखडला. रस्ता खासगी संस्थेचा, म्हणून केंद्राची मदत आधी नाकारली गेली, पुढे अपिलात निर्णय फिरला. दरम्यान लोकांनी पैसा उभा केला. वादळात गेलेला, समुद्रात शिरणारा धक्काही (पिअर) देणग्यांतूनच पुन्हा बांधला. 2023 च्या एप्रिलमध्ये तो उघडला, तेव्हा त्याचा आकार क्रुसाचा होता. त्याच वर्षी, उन्हाळ्यातल्या रविवारी सकाळी किनारा बंद ठेवण्याच्या जुन्या रिवाजाला राज्याने हरकत घेतली. दंडाची तंबी मिळाल्यावर किनारा रविवारी सकाळीही उघडावा लागला.