मांजराच्या दाढेपर्यंत एक्सरे पोचायला शंभर वर्षं

आमचा बोका मान वाकडी करून एकाच बाजूने खायला लागला, मधेच दाणा तोंडातून पडायचा, आणि व्हेटकडे नेलं तर आधी डोक्याचा साधा मोठा एक्सरे निघाला. त्यात डावा जबडा उजव्यावर चढलेला, सगळी नुसती खिचडी, दिसलं काहीच नाही. मग मी या विषयात जरा खोल शिरलो.

माणसाच्या दाताचा एक्सरे फार जुना आहे. रोंटगेनने १८९५ च्या शेवटी शोध जाहीर केला आणि पुढच्याच महिन्यात, जानेवारी १८९६ मध्ये, जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगच्या ओटो वाल्कहॉफ या डेंटिस्टने स्वतःच्याच तोंडात काचेची प्लेट धरून पंचवीस मिनिटं तसंच पडून राहत दातांचा फोटो काढला. पंचवीस मिनिटं! १९०७ मध्ये चिएशिन्स्की या डेंटिस्टने किरण नेमका कोणत्या कोनात सोडला की दात लांब किंवा आखूड न दिसता खऱ्या मापाचा उमटतो तो हिशोब मांडला, आणि मांजराच्या बऱ्याचशा दातांना आजही तोच हिशोब लागतो.

म्हणजे तंत्र तयार होतं, फक्त ते मांजराच्या तोंडात न्यावं असं फारसं कुणाच्या डोक्यात नव्हतं. मांजराला आपल्यासारखी कीड जवळजवळ लागतच नाही, त्यात दुखणं लपवण्यात ही जात वस्ताद, शिवाय भूल दिल्याशिवाय तोंडात फिल्म ठेवू देणार कोण?

गाडी हलली ती एका विचित्र आजारामुळे. हिरडीच्या कडेला दाताला खड्डा पडतो आणि त्यावर लाल मांस चढतं. १९७०च्या दशकात याला 'नेक लेजन' म्हणायचे, म्हणजे दाताच्या मानेवरची जखम, आता टूथ रिसॉर्प्शन म्हणतात. यात शरीराच्याच पेशी दात खातात, का खातात ते अजून नक्की कळलेलं नाही. आधी लोकांनी खड्डे बुजवून पाहिले, आपल्याकडे दाढेत सिमेंट भरतात ना तसं, पण खाली मूळ विरघळतच राहिलं आणि फिलिंग वाया गेलं. दात उपटायला जावं तर मूळ हाडातच मिसळलेलं, तुकडे पडायचे.

इथे एक्सरेशिवाय पर्यायच नाही. मुळाभोवती बारीक काळी रेघ दिसत असेल तर मूळ अजून वेगळं आहे, ते पूर्ण काढायचं. रेघच नाही, मूळ हाडासारखंच पांढुरकं, तर ते हाड होत चाललंय, तिथे वरचा भाग कापून मूळ तसंच ठेवता येतं. ही पद्धत डुपॉन्ट या व्हेटने १९९५ मध्ये मांडली. पण फोटो न काढता कुणी असं केलं आणि खाली पू असला तर मांजराचे हाल, त्यामुळे मला तर हे अंदाजाने करणं म्हणजे शुद्ध जुगार वाटतो.

१९९८ मध्ये कॅलिफोर्नियाच्या डेव्हिस विद्यापीठातून आलेल्या एका अभ्यासात ११५ मांजरांच्या संपूर्ण तोंडाचे एक्सरे काढले होते. बाहेरून ठीक दिसणाऱ्या दातांतही महत्त्वाचं काहीतरी सापडलं अशी मांजरं निघाली ४१.७ टक्के! त्यानंतर 'दिसेल तेवढ्याच दाताचा एक्सरे काढा' म्हणणं अवघड झालं. मोठ्या मांजराला दात तीसच असतात, थोड्याच फोटोंत सगळं तोंड होतं.

काम सोपं केलं ते डिजिटल सेन्सरने. फ्रान्सच्या फ्रान्सिस मुयेनने १९८०च्या दशकात बनवलेलं हे यंत्र म्हणजेच आपला डेंटिस्ट 'आरव्हीजी काढू' म्हणतो ते. फिल्म धुवायची भानगड नाही, मांजर भुलेत असतानाच फोटो समोर, त्यामुळे भुलेचा वेळ वाचतो.

आमच्या बोक्याचेही शेवटी असेच सगळ्या तोंडाचे फोटो काढले. उजवीकडची खालची, सुळ्यामागची पहिलीच दाढ गेलेली होती, ही दाढ या आजारात सगळ्यात आधी सापडते म्हणे. डावीकडची तीच दाढ बाहेरून पांढरीशुभ्र, मी स्वतः ओठ वर करून पाहिली होती, आणि स्क्रीनवर तिचं एक मूळ अर्धं गायब.