‘कानावर आलं होतं’ आणि ‘माहीत होतं’ : संस्थाप्रमुखांच्या जबाबदारीची पार्श्वभूमी

आश्रमशाळेत किंवा वसतिगृहात मुलांवर अत्याचार झाल्याचे उघड झाले की नाशिकमध्ये दोन वाक्ये हमखास ऐकू येतात. संस्थेचे लोक म्हणतात, ‘आमच्याकडे लेखी काही आलं नव्हतं.’ गावातले म्हणतात, ‘सगळ्यांना माहीत होतं.’ बहुतेक वेळा दोघेही खरे बोलत असतात.

राज्याच्या आदिवासी विकास आयुक्तालयाचे मुख्यालय नाशिकला आहे. सुमारे पाचशे शासकीय आणि त्याहून थोड्या जास्त अनुदानित आश्रमशाळांचे कागद शेवटी इथे येतात. पेठ, सुरगाणा, कळवण, त्र्यंबकेश्वर भागातली मुले लहान वयात घर सोडून या शाळांत राहतात आणि आईबाप हंगामात द्राक्षबागांवर नाहीतर बांधकामावर असतात. सुट्टी लागेपर्यंत मुलाला आपले म्हणून बोलायला कोणी नसते. २०१६ साली बुलडाणा जिल्ह्यातल्या खामगाव तालुक्यात एका अनुदानित आश्रमशाळेतला प्रकार दिवाळीला घरी गेलेल्या मुलीने तोंड उघडले म्हणून बाहेर आला. तेव्हा प्रत्यक्ष अत्याचार करणाऱ्याबरोबर मुख्याध्यापकांनाही अटक झाली आणि ‘न कळवणे हाही गुन्हा असतो’ हे अनेक संस्थाचालकांना तेव्हा पहिल्यांदा समजले. कायदा येऊन तोवर चार वर्षे झाली होती.

त्याआधीच्या काळाबद्दल थोडेच सांगण्यासारखे आहे, पण ते बोचणारे आहे. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम ३९ खाली काही गुन्ह्यांची खबर पोलिसांना देणे प्रत्येक नागरिकावर बंधनकारक होते. त्या यादीत खून होता, दरोडा होता, बनावट नोटा होत्या, बलात्कार मात्र नव्हता. म्हणजे वसतिगृहाच्या कोठारावर दरोडा पडला तर कळवायचे आणि वसतिगृहातल्या मुलीवर बलात्कार झाला तर ज्याच्या-त्याच्या विवेकावर सोडायचे. विवेक काय करत असे, ते जुन्या माणसांना ठाऊक आहे. त्या शिक्षकाची बदली होई, मुलीचा दाखला घरी जाई आणि ‘संस्थेचं नाव’ शाबूत राही.

१४ नोव्हेंबर २०१२ पासून पोक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणारा कायदा, लागू झाला. कलम १९ ने कळवण्याची जबाबदारी प्रत्येकावर टाकली. कळवायचे ते विशेष बाल पोलीस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना. प्रकल्प अधिकाऱ्याला पत्र दिले, संस्थेच्या सचिवाला फोन केला, एवढ्याने ती जबाबदारी संपत नाही. न कळवणाऱ्याला कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड. संस्थेचा प्रमुख असेल आणि त्याच्या हाताखालच्या माणसाने केलेला गुन्हा त्याने दडवला असेल, तर वर्षापर्यंत कैद आणि दंड. एप्रिल २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात शाळा, बालगृहे आणि वसतिगृहांच्या प्रमुखांचा वेगळा उल्लेख करून हे कर्तव्य पुन्हा बजावले.

सगळा वाद मात्र एका शब्दावर अडला आहे, तो म्हणजे ‘माहिती असणे’. कलम १९ दोन पायऱ्या मानते. गुन्हा घडल्याची माहिती ही एक, आणि गुन्हा घडण्याची शक्यता आहे अशी धास्ती ही दुसरी. दोन्ही कळवायच्या. पण शिक्षा सांगणारे कलम २१ वाचले की त्यात फक्त ‘घडलेला’ गुन्हा न कळवण्याचा उल्लेख आहे. धास्ती कळवणे बंधनकारक आहे, न कळवल्यास शिक्षा नाही. माझ्या मते नैतिक आणि कायदेशीर जबाबदारी नेमकी इथे एकमेकींपासून सुटते.

हे पुस्तकी वाटू नये म्हणून एक पाहिलेले सांगते. काही वर्षांपूर्वी घाटापलीकडच्या एका आश्रमशाळेत गेले होते. मुलींच्या न्हाणीघराच्या दाराला कडी नव्हती. कडीच्या जागी भोक होते, त्यातून एक जुनी ओढणी ओवलेली. आत गेलेली मुलगी ती आतून गाठ मारून धरायची. अधीक्षिका म्हणाल्या, ‘मी तीनदा तोंडी सांगितलंय सरांना.’ सरांनी शेरेबही पुढे केली. त्यात दर भेटीला एकच शेरा : वसतिगृहास भेट दिली, स्वच्छता समाधानकारक. तक्रारपेटी सरांच्या खोलीच्या दाराला लागून होती, म्हणजे चिठ्ठी टाकायची तर त्यांच्या डोळ्यांदेखत. किल्ली कुणाकडे, याचे उत्तर मिळाले नाही. तिथे काही घडले होते असे मी म्हणत नाही. तिथे कुणालाच काही ‘माहीत’ होऊ नये याची सोय मात्र चोख होती, आणि ही सोय कुठल्याच कलमात बसत नाही.

२०१८ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधल्या एका प्रकरणात ‘माहिती’ या शब्दाचा अर्थ आखडता घेतला. प्रसूतीसाठी आलेल्या मुलीचे वय रुग्णालयाच्या कागदावर १८ लिहिलेले होते, म्हणून डॉक्टरांना आरोपातून मुक्त केले. कायदा माहिती असलेल्याला कळवायला सांगतो, माहिती खणून काढायला सांगत नाही, असा त्याचा आशय. तातडीच्या वेळी पेशंट हाताळणाऱ्या डॉक्टरांपुरते ते समजून घेता येते. पण वर्षानुवर्षे त्याच मुलींचा पालक म्हणून सही करणाऱ्या संस्थाप्रमुखाला तोच निकष कसा लावायचा? चार वर्षांनी, २ नोव्हेंबर २०२२ ला, चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुरा इथल्या वसतिगृहाच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने दुसरी बाजू उचलून धरली. सतरा आदिवासी मुली, त्यांना तपासणारा डॉक्टर, त्याच्यावरचा न कळवल्याचा गुन्हा उच्च न्यायालयाने रद्द केलेला. सर्वोच्च न्यायालयाने तो पुन्हा जिवंत केला. डॉक्टरला माहीत होते की नाही हे खटल्यात, पुराव्यावर ठरू द्या, सुरुवातीलाच दार लावू नका, असे म्हटले. दोन्ही निकाल एकाच वेळी उभे आहेत. संस्थांचे वकील पहिला दाखवतात.

अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात २०११ साली एका विद्यापीठात हाच पेच जगाला दिसला होता. नामवंत फुटबॉल प्रशिक्षकाने आपल्या कानावर आलेले वरिष्ठांना सांगितले होते. तिथल्या तेव्हाच्या कायद्याला तेवढे पुरे होते, लोकांना ते पुरले नाही आणि त्यांना पद सोडावे लागले. पुढे तिथला कायदा बदलला. आता वरिष्ठांवर न ढकलता स्वतः कळवावे लागते. आपल्याकडे हे २०१२ पासून लिहिलेले आहे, तरी ‘मी वर कळवलं’ हे उत्तर आजही मान वर करून दिले जाते.

ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेतल्या लहान मुलींवरच्या अत्याचाराच्या प्रकरणाने घाई आणली. शाळेच्या पदाधिकाऱ्यांवर कलम २१ खाली गुन्हा दाखल झाला आणि ऑक्टोबरमध्ये उच्च न्यायालयाने त्यांना अटकपूर्व जामीन नाकारला. मधल्या काळात सीसीटीव्ही, तक्रारपेटी आणि शाळेतल्या मुलांच्या सुरक्षेसाठीची सखी सावित्री समिती यांचा शासननिर्णय निघाला. सखी सावित्री समित्या २०२२ पासूनच कागदावर होत्या. नाशिकमधल्या शाळांनी त्या आठवड्यात घाईघाईने फलक रंगवून घेतले. नावे लिहिली गेली, काहींना आपले नाव फलकावर पाहून कळले.

मुख्याध्यापकांची बाजूही आहे. खोटी तक्रार निघाली तर गाव अंगावर येते, शिक्षकाचे घर उद्ध्वस्त होते, ही भीती खरी आहे. पण कलम १९ मध्येच सद्भावनेने कळवणाऱ्याला दिवाणी आणि फौजदारी संरक्षण दिलेले आहे. खरे-खोटे ठरवणे हे त्यांचे काम नाहीच. चौकशी समिती नेमून आठ दिवस ‘आधी आपण खात्री करू’ म्हणणे हीच चूक असते, कारण त्या आठ दिवसांत मुलीला कोण काय सांगते ते कुठे नोंदले जात नाही.

आणि प्रमुखच आरोपी असेल तर? २०२२ च्या नोव्हेंबरात नाशिक शहरालगतच्या एका आश्रमाच्या संचालकालाच मुलींच्या तक्रारींवरून अटक झाली. प्रमुखाला जास्त शिक्षा देणारे पोटकलम ‘हाताखालच्या माणसाने’ केलेल्या गुन्ह्यापुरते आहे. वरच्या माणसाने केले तर कळवण्याचा भार खाली उतरतो : स्वयंपाकीण, कामाठी, पहारेकरी यांच्यावर, सहा महिन्यांच्या शिक्षेच्या धाकासह. रात्री रडणे पहिल्यांदा त्यांनाच ऐकू येते. २०२५ च्या पावसाळ्यात आदिवासी विकास भवनासमोर बिऱ्हाड मांडून बसलेल्या रोजंदारी कर्मचाऱ्यांत असे कितीतरी जण होते. ज्याच्याविरुद्ध पोलीस ठाण्यात जायचे, बऱ्याचदा पुढच्या वर्षीच्या हजेरीपटावर नाव राहील की नाही हेही त्याच्याच हातात असते.