स्थानिकीकरण व विस्थानिकीकरण (अव्यवस्थित पुंज-स्पिन प्रणालींतील)

जालकातील (नियमित मांडणीतील) प्रत्येक स्पिनवरचे, म्हणजे सूक्ष्म चुंबकासारख्या वागणाऱ्या कणावरचे, चुंबकीय क्षेत्र वा शेजाऱ्याशी असलेली जोडणी यादृच्छिक असेल, तर एका ठिकाणी दिलेली ऊर्जा कधीकधी दूर पसरतच नाही. यास स्थानिकीकरण म्हणतात. ती पसरून प्रणाली औष्णिक समतोलाला पोहोचली, तर ते विस्थानिकीकरण. रामकुंडात सोडलेला द्रोणातला दिवा घाटाच्या पायरीशी अडकून राहतो, हा दृष्टांत नाशिककरांना जवळचा वाटेल, पण तो अर्धाच लागू पडतो. दिव्याला पायरी अडवते. येथे मात्र ऊर्जा तरंगरूपाने जाते, व विखुरलेल्या तरंगांचे व्यतिकरण होऊन (ते एकमेकांत मिसळून परस्परांना रद्द करून) दूर जाण्याच्या वाटाच पुसल्या जातात आणि तरंग मूळ जागेपासून घातांकी रीतीने क्षीण होतो.

पाठ्यपुस्तकांत हा विषय बहुधा अशुद्ध धातूतील इलेक्ट्रॉनांपासून सुरू होतो. तथापि फिलिप अँडरसन यांच्या १९५८ च्या मूळ निबंधातील प्रतिमान स्पिन-विसरण (स्पिनची अवस्था शेजाऱ्यांकडे पसरत जाणे) आणि अशुद्धी-पट्ट्यातील (मिसळलेल्या परक्या अणूंच्या ऊर्जापातळ्यांतील) विद्युत्‌वहन या दोहोंसाठी होते. त्यामागे बेल प्रयोगशाळेत जॉर्ज फेहर यांनी फॉस्फरसमिश्रित सिलिकॉनवर केलेले स्पिन-प्रयोग होते. त्यामुळे स्पिन प्रणाली हा या कल्पनेचा नंतरचा विस्तार न मानता तिचा उगमच मानणे अधिक सयुक्तिक ठरते. अँडरसन यांना १९७७ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

स्पिनांमध्ये परस्परक्रिया असतानाही स्थानिकीकरण टिकते काय, हा प्रश्न २००५-०६ च्या सुमारास पुन्हा ऐरणीवर आला. अरिजीत पाल व डेव्हिड ह्यूज यांनी २०१० मध्ये यादृच्छिक क्षेत्रातील हायझेनबर्ग साखळीसाठी (शेजारी स्पिन तिन्ही दिशांत सारखेच जोडलेली साखळी) संक्रमणबिंदू, म्हणजे विस्थानिकीकरण संपून स्थानिकीकरण सुरू होण्याची सीमा, जोडणीच्या सुमारे ३.५ पट क्षेत्रावर दाखवला. प्रणाली कोणत्या बाजूस आहे हे ओळखण्याची एक खूण म्हणजे लगतच्या ऊर्जापातळ्यांमधील अंतरांचे सरासरी गुणोत्तर; ते विस्थानिकीकृत बाजूस सुमारे ०.५३, तर स्थानिकीकृत बाजूस ०.३९ येते. हे गुणोत्तर संगणकावर काढताना बारा स्पिनांपैकी निम्मे वर व निम्मे खाली अशा ९२४ अवस्था होतात. तेवढ्या ओळी-रकान्यांचा मॅट्रिक्स नाशिकमधल्या महाविद्यालयातील साध्या संगणकावरही सोडवता येतो, आणि विद्यार्थ्याने तो एकदा तरी स्वतः सोडवून पाहावा. बावीस स्पिनांना मात्र ७,०५,४३२ अवस्था लागतात. वादाचे मूळ येथेच आहे. इतक्या आखूड साखळीवरून अनंत साखळीचा निष्कर्ष काढणे धोक्याचे असते. २०२० च्या आसपास काहींनी परस्परक्रिया असतानाच्या स्थानिकीकृत प्रावस्थेच्या अस्तित्वावरच शंका घेतली. इतरांच्या मते ती आहे, पण कितीतरी प्रबळ अव्यवस्थेत. जॉन इंब्री यांची एकमितीय साखळीसाठीची गणिती सिद्धता (२०१६) एका गृहीतकासह दुसऱ्या मताला बळ देते, व तेच मत तूर्त अधिक ग्राह्य वाटते.

एकाहून अधिक मितींत योगायोगाने कमी अव्यवस्था असलेला एखादा भाग शेजारच्या स्पिनांना क्रमाक्रमाने समतोलात ओढत नेतो, असा युक्तिवाद असून तेथे स्थानिकीकरण दीर्घकाळ टिकणे अवघड मानले जाते.