जुन्या क्यूबन सिगारचे आस्वादन व मूल्यमापन

डब्यात भरल्यानंतर निदान पाच वर्षे योग्य आर्द्रतेत व थंडाव्यात मुरलेल्या, हाताने वळलेल्या हवाना सिगारला व्यापारात ‘जुनी’ म्हणतात. तिची ओढ, जळण, गंध, चव आणि मुरण्याची अवस्था ओढून पारखण्याची पद्धत म्हणजे तिचे आस्वादन व मूल्यमापन. पाच वर्षांची मर्यादा रूढीतून आलेली आहे, तिच्यावर एकमत नाही. हाबानोस एस. ए. या क्यूबन विक्रीसंस्थेने २०१५ मध्ये ‘आन्येहादोस’ या नावाने क्यूबातच पाच ते आठ वर्षे डब्यात मुरवलेल्या सिगार बाजारात आणल्या, तेव्हा या रूढीला काहीसा अधिकृत आधार मिळाला. फेब्रुवारी १९६२ मधील अमेरिकी व्यापारबंदीच्या आधीच्या सिगारचा वर्ग मात्र निराळा मानतात. त्यांचे मूल्य आस्वादापेक्षा संग्रहाच्या अंगाने अधिक ठरते.

हवाना सिगारमध्ये गाभा, त्याला बांधून ठेवणारे पान आणि बाहेरचे वेष्टन असे तीन भाग असतात. क्यूबात त्यांना अनुक्रमे त्रिपा, कापोते व कापा म्हणतात. गाभ्यात वोलादो (चांगले जळणारे), सेको (गंधाचे) आणि लिगेरो (झाडाच्या शेंड्याकडचे, जाड व कडक) अशी पाने ठरावीक प्रमाणात घालतात. उत्तम पान पिनार देल रिओ प्रांतातील वुएल्ता अबाहो भागातून, विशेषतः सान लुईस व सान हुआन इ मार्तिनेस या गावांच्या परिसरातून येते. वळण्यापूर्वी लिगेरो साधारण दोन वर्षे व वोलादो साधारण नऊ महिने गाठोड्यांत मुरवतात. म्हणजे सिगार ‘नवी’ असली तरी तिच्यातले पान नवे नसते, आणि वयाचा हिशेब करताना ही गोष्ट नेहमी निसटते.

मुरण्याची प्रक्रिया : वळण्यासाठी पान दमट करावे लागते. त्या ओलाव्याने पानात शिल्लक राहिलेले किण्वन पुन्हा सुरू होते आणि अमोनिया सुटतो. ताज्या डब्याचे झाकण उघडताच नाकाला झोंबणारा वास त्याचाच. कारखान्यात वळलेल्या सिगार जादा ओलावा निघून जाईपर्यंत १६ ते १८ अंश सेल्सिअस तापमान व ६५ ते ७० टक्के आर्द्रता असलेल्या खोलीत लाकडी कपाटांत ठेवतात, पण अमोनिया पुरता जायला त्यानंतरही कित्येक महिने लागतात. या टप्प्याला शौकिनांत ‘आजारी काळ’ असे नाव पडले आहे. सिगार ओढायची तर वळणाऱ्याच्या मेजावरची अगदी ताजी ओढावी, नाहीतर वर्षभर तरी थांबावे, मधल्या काळात तिला हात लावू नये, हा क्यूबातील जुना सल्ला याच अनुभवातून आलेला दिसतो. कोहिबा या नाममुद्रेच्या सेको व लिगेरो पानांना पिंपांत तिसरे किण्वन देतात. त्यामुळे ती सिगार नवी असतानाच सौम्य लागते, असे निर्मात्यांचे म्हणणे आहे.

पुढच्या टप्प्यांविषयी मतभेद आहेत. हाँगकाँगचे संग्राहक मिन रॉन नी यांनी क्यूबन क्रांतीनंतरच्या हवाना सिगारवरील आपल्या २००३ च्या कोशात आजारी काळानंतर तीन परिपक्वता मांडल्या. पहिलीत किण्वनाचे अवशेष आणि कच्चा उग्रपणा ओसरतो. दुसरीत टॅनिनांचा तुरटपणा मावळतो, तिला दहा-पंधरा वर्षे किंवा अधिक लागतात. वीस वर्षांनंतर केव्हातरी येणाऱ्या तिसरीत जुन्या वाइनसारखा सूक्ष्म दरवळ तयार होतो. संग्राहकांची आजची बहुतेक परिभाषा या मांडणीतून आली आहे आणि वर्णन म्हणून ती उपयोगी आहे. हजारो जुने डबे हाताळलेल्या माणसाचे निरीक्षण तिच्यामागे आहे, ते सहज बाजूला सारता येत नाही.

तिचा रासायनिक खुलासा मात्र तितका भक्कम नाही. तंबाखूच्या पानातील प्रमुख पॉलिफिनॉले (टॅनिने ज्या वर्गात मोडतात ती द्रव्ये) म्हणजे क्लोरोजेनिक आम्ल व रुटिन. सिगारचे पान सावलीच्या कोठारात हवेवर वाळवतात, आणि या पॉलिफिनॉलांचा मोठा भाग त्याच वेळी ऑक्सिडीकरणाने तपकिरी रंगद्रव्यांत बदलून जातो. पान तपकिरी होते ते मुख्यतः त्यामुळेच. द्राक्षाच्या सालीतील टॅनिने बाटलीत वर्षानुवर्षे एकमेकांशी जोडली जाऊन मवाळ होतात, ती प्रक्रिया तंबाखूला जशीच्या तशी लावता येत नाही. जुनी सिगार घशाला मऊ लागण्याचे अधिक संभाव्य कारण धुराच्या अल्कधर्मी स्वरूपात आहे. सिगारच्या धुराचा पीएच बहुधा आठच्या आसपास किंवा त्याहून वर असतो. अशा धुरात निकोटीन मुक्त रूपात राहते, तोंडातल्या आवरणातून शोषले जाते आणि झोंबते. अमोनिया व इतर बाष्पशील अल्क उडून गेले की हा झणका कमी होतो. बऱ्याच शौकिनांना जो ‘तुरटपणा गेला’ असे वाटते, त्यात झणका गेल्याचा वाटा मोठा असावा, असे प्रस्तुत नोंदीचे मत आहे.

गंधाचे गणित वेगळे. पानातील कॅरोटिनॉइडे (पिवळी-नारिंगी रंगद्रव्ये) फुटून आयोनोने, डॅमासेनोन, मेगास्टिग्मॅट्रायनोने ही गंधद्रव्ये तयार होतात. पानावरील चिकट केसांतली सेम्ब्रनॉइडे (राळेसारखी द्रव्ये) मोडून सोलानोन हे आणखी एक गंधद्रव्य मिळते. फुले, सुकामेवा, मध, जुने लाकूड अशा शब्दांत शौकीन ज्यांचे वर्णन करतात ते गंध बऱ्याच अंशी यांतले. ही विघटने डब्यातही सावकाश चालू राहतात, पण याच द्रव्यांचा काही भाग दरवर्षी उडूनही जातो. घडणे आणि उडणे या दोन वेगांत जोवर घडणे पुढे असते तोवर सिगार चढते, मग काही वर्षे एका पातळीवर राहते आणि शेवटी ओसरते. या दृष्टीने तिसरी परिपक्वता ही प्रत्येक सिगारला ठरलेली पायरी नसून, भरगच्च मिश्रण आणि निर्दोष साठवण यांचा योग जुळला तरच येणारी अवस्था ठरते. पार्तागास, बोलीव्हार, रामोन अल्योनेस यांसारख्या नाममुद्रांच्या कडक मिश्रणांना दीर्घायुषी मानतात आणि सौम्य मिश्रणे लवकर ओढण्याचा सल्ला देतात, तो या विवेचनाशी जुळतो. अपवाद मात्र दोन्ही बाजूंना सांगितले जातात.

कालनिश्चिती : जुन्या सिगारचे वय तिच्यावरून कळत नाही, डब्यावरून कळते. १९८५ पासून डब्याच्या तळाशी कारखान्याच्या खुणेबरोबर तारखेचा संकेत छापू लागले. ‘एनआयव्हीईएलएसीयूएसओ’ या दहा अक्षरांना क्रमाने १ ते ९ व शेवटी ० अशी किंमत देऊन महिना व वर्ष लिहीत. ‘ओएएससी’ या शिक्क्याचा अर्थ ०६९७, म्हणजे जून १९९७. गेल्या शतकाच्या अखेरीस हा गुप्त संकेत मागे पडला, आणि २००० पासून स्पॅनिश महिन्याची पहिली तीन अक्षरे व वर्षाचे दोन अंक सरळ छापले जातात. १९८५ पूर्वीच्या डब्यांसाठी इतर खुणांवर विसंबावे लागते. क्रांतीनंतर इंग्रजी शिक्क्याच्या जागी ‘एचो एन कुबा’ ही अक्षरे आली, १९८९ च्या सुमारास ‘पूर्णतः हाताने’ या अर्थाचे शब्द जोडले गेले, आणि १९९४ मध्ये हाबानोस एस. ए. स्थापन झाल्यावर कुबाताबाको या आधीच्या सरकारी तंबाखू संस्थेऐवजी तिचे नाव दिसू लागले. कायद्याने लावलेली हिरवी हमीपट्टी १९१२ पासूनची. १९९९ मध्ये तिच्यावर लाल क्रमांक आला आणि २००९-१० च्या सुमारास होलोग्राम व बारकोड. या खुणा वर्षाचा नेमका आकडा देत नाहीत, एवढेच सांगतात की डबा अमुक काळाच्या आधीचा नाही. संकेतातील तारीखही डबा भरल्याची असते, पान खुडल्याची किंवा सिगार वळल्याची नव्हे.

काही वर्षांची ख्याती ठरून गेलेली आहे. १९७९-८० मध्ये निळ्या बुरशीने क्यूबातील तंबाखूचे पीक बुडवले. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात मागणी अचानक वाढली, उत्पादन घाईने फुगवले गेले, आणि गच्च वळल्याने ओढच न लागणाऱ्या सिगारच्या तक्रारी १९९६ ते २००० च्या डब्यांबद्दल सर्वाधिक ऐकू येतात. पुढे कारखान्यांत ओढ मोजणारी यंत्रे बसली आणि हा दोष बराच घटला. वेष्टनाच्या वाणाचाही इथे संबंध येतो. सान लुईसजवळच्या एल कोरोहो मळ्यावरचा कोरोहो वाण अनेक दशके वेष्टनासाठी वापरला जाई. रोगांपुढे तो टिकेना म्हणून नव्वदच्या दशकात हाबाना २००० हा संकरित वाण आला, पण तो नीट जळत नसल्याची ओरड झाली आणि क्रिओल्यो ९८, कोरोहो ९९ यांनी त्याची जागा घेतली. जुन्या कोरोहोच्या तेलकट वेष्टनाची सर पुढच्या वाणांना नाही, असे अनेक जाणकार सांगतात. यात स्मरणरंजनाचा भाग किती हे वेगळे काढणे अवघड आहे.

साठवण : आर्द्रता ६५ टक्क्यांच्या आसपास, तापमान १६ ते १८ अंश आणि हवेची कमीत कमी हालचाल, हे दीर्घ मुरवणीचे सर्वमान्य सूत्र. पन्नास सिगारची रेशमी फितीने बांधलेली जुडी आणि सरकत्या झाकणाची पेटी यांत सिगार कागदी सजावटीच्या डब्यापेक्षा चांगली मुरते, अशी समजूत आहे. पेटीचे लाकूड सीडार म्हणून ओळखले जात असले तरी ते झाड कडुनिंब व महोगनी यांच्या कुळातले आहे. उष्णता वाढली की तंबाखूच्या भुंगेऱ्याची अंडी फुटतात आणि अळ्या पानाला टाचणीएवढी भोके पाडतात. हल्ली क्यूबातून माल बाहेर पडण्याआधी तो गोठवतात, पण जुन्या डब्यांवर हा उपचार झालेला नसतो. मुंबई-कोकणासारख्या हवेत पावसाळ्यातील ओल बुरशी आणते आणि उन्हाळ्यातील उकाडा भुंगेरा, त्यामुळे तिथे वातानुकूलित कपाटाशिवाय दीर्घ मुरवण शक्य होत नाही. वेष्टनावरचा पांढरा थर म्हणजे तेलांचे स्फटिक व उत्तम मुरवणीची खूण, असे पूर्वीच्या पुस्तकांत सर्रास आढळते. सूक्ष्मदर्शकाखाली तपासलेल्या अशा थरांत बुरशीच निघाल्याची उदाहरणे आता पुरेशी आहेत, आणि पांढरा थर पाहून भाव वाढवून देऊ नये हेच योग्य.

आस्वादन : क्यूबन कारखान्यांतील परीक्षक सकाळी, जीभ ताजी असताना बसतात. सिगारचा सुरुवातीचा भाग ओढून ते तिरो (ओढ), जळण, कडकपणा, गंध, चव आणि एकूण प्रत यांची नोंद करतात, व दोन सिगारच्या मध्ये बिनसाखरेच्या चहाने तोंड धुतात. जुन्या सिगारला मात्र सुरुवातीचा भाग पुरत नाही. तिचा पहिला तृतीयांश बऱ्याचदा फिका लागतो, खरे काय ते मध्यापासून उलगडते. ती शेवटपर्यंत ओढल्याखेरीज मत देऊ नये.

आधी न कापलेल्या सिगारचे पेटवायच्या बाजूचे टोक हुंगतात. चांगल्या मुरलेल्या सिगारला गवत किंवा गोठ्याचा वास राहिलेला नसतो, कोको, चामडे, कोरडी माती असे काही मंदपणे येते. बोटांत हलके दाबल्यावर ती किंचित दबून परत वर यावी. चुरचुर आवाज आला तर ती वाळली आहे आणि तेलांबरोबर गंधही गेला असण्याची शक्यता मोठी. डोक्याकडचा (ओठांत धरायच्या बाजूचा) पातळ तुकडा कापून, न पेटवता एकदोनदा ओढून पाहतात. या कोऱ्या ओढीत मिश्रणाचा गोडवा धुरापेक्षा स्पष्ट कळतो. पेटवायला सीडारची पट्टी किंवा गॅसचा लायटर घ्यावा. गंधकाची काडी पहिल्या चार ओढी वाया घालवते. मिनिटाला एखादी ओढ पुरे. जुने पान लवकर तापते आणि तापलेल्या सिगारची चव जळकट, कडू होते. ती वीस वर्षांची असो वा दोन, घाईने ओढली तर फरक उरत नाही. धूर गिळायचा नसतो, तो तोंडात फिरवून थोडासा नाकातून सोडतात, कारण सूक्ष्म गंध तिथेच समजतात. सोबत रम किंवा कडक कॉफी घेण्याची चाल आहे. परीक्षणाच्या वेळी साधे पाणी बरे.

गुणांकन : १९९२ मध्ये सुरू झालेल्या ‘सिगार अफिसिओनादो’ या अमेरिकी नियतकालिकाची शंभर गुणांची पद्धत सर्वाधिक प्रचलित आहे. तीत रूप व घडण यांना १५, चवीला २५, ओढताना दिसणाऱ्या गुणांना २५ आणि एकूण ठशाला ३५ गुण असतात, आणि सिगारवरची नावाची पट्टी काढून, नाव न सांगता सिगार दिली जाते. नव्या सिगारसाठी ही पद्धत न्याय्य आहे. जुन्या सिगारच्या बाबतीत ती अपुरी पडते, कारण ३५ गुणांच्या ठशात वयाविषयीचा आदर नकळत मिसळतो आणि जुनेपणा तर वासावरूनच ओळखू येतो. याला उपाय म्हणून काही परीक्षक एकाच नाममुद्रेची व आकाराची नवी व जुनी सिगार शेजारी ठेवून ओढतात आणि काय मिळाले, काय गेले हे दोन रकान्यांत लिहितात. ही रीत वेळखाऊ व महाग असली तरी आकड्यापेक्षा अधिक सांगते, आणि जुन्या सिगारसाठी तिलाच प्राधान्य द्यावे.

बाजारभावावरून प्रत ठरवता येत नाही. दाविदॉफ नावाच्या सिगार १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून हवानात वळल्या जात. १९८९ मध्ये झिनो दाविदॉफ यांनी निकृष्ट ठरवलेल्या एक लाखाहून अधिक सिगार जाळल्या आणि लवकरच हे नाते तुटले. डनहिल नावाच्या क्यूबन सिगारचे उत्पादनही १९९० च्या दशकाच्या आरंभी थांबले. या दोन्ही नावांचा उरलेला प्रत्येक डबा जुनाच आहे आणि त्याची किंमत दुर्मीळतेची आहे. लंडनच्या लिलावांत मागील मालक व साठवणीचा इतिहास कागदोपत्री देणाऱ्या डब्यांना अधिक भाव मिळतो तो रास्तच. बनावट डब्यांत नव्या सिगार भरून जुन्या पट्ट्या चिकटवण्याचे प्रकार होत असल्याने पट्टीचा डिंक, खिळे, तळाचा शिक्का आणि आतल्या सिगारच्या रंगाची एकसारखी चढउतार असे सगळे एकत्र पाहावे लागते.

धूर गिळला नाही तरी सिगारमुळे तोंड, घसा व अन्ननलिकेच्या कर्करोगाचा धोका वाढतो. मुरवल्याने निकोटीन व झणका काहीसा घटतो, पण जळताना तयार होणारी कर्करोगकारक द्रव्ये त्यामुळे कमी होत नाहीत.