डेटा सेंटर आणि नियमन (ठाणे-बेलापूर पट्टा)

सर्व्हरना वीज आणि थंडावा चोवीस तास अखंड पुरवणारी इमारत म्हणजे डेटा सेंटर. ठाणे-बेलापूर रस्त्यालगत ऐरोली, रबाळे, महापे या भागात, म्हणजे एकेकाळी रसायनांच्या कारखान्यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या पट्ट्यात, आज अशा इमारती दाटीने उभ्या आहेत. समुद्राखालच्या इंटरनेट केबल मुंबईच्या किनाऱ्याला लागतात आणि बँकांची मुख्यालयेही जवळच आहेत. मागणीला मोठा जोर मात्र एका आदेशाने आला. ६ एप्रिल २०१८ रोजी रिझर्व्ह बँकेने पैशांच्या व्यवहारांची संपूर्ण माहिती भारतातच साठवण्याचा आदेश काढला आणि त्यासाठी सहा महिने दिले. प्रक्रिया परदेशात झाली, तरी तिथली प्रत पुसून माहिती एका कामकाजाच्या दिवसात किंवा २४ तासांत, यातले जे आधी असेल तेव्हा, परत आणावी लागते.

इमारतीच्या आत नियमांचा ठसा सर्वांत स्पष्ट दिसतो तो डिझेलच्या टाकीवर. जनरेटरशेजारची टाकी बहुधा ९९० लिटरची असते. हा आकडा इंजिनाच्या गरजेतून आलेला नाही. पेट्रोलियम कायदा, १९३४ नुसार डिझेलसारखे ‘ब’ वर्गातील इंधन एका जागी एकूण २,५०० लिटरपर्यंत आणि एकेका पात्राची क्षमता १,००० लिटरच्या आत असेल, तर परवाना लागत नाही. त्यामुळे ९९० लिटरच्या दोन टाक्या भरल्या तरी साठा १,९८० लिटर होतो आणि तो चालतो. तिसरी भरली की २,९७० लिटर होऊन परवाना सक्तीचा होतो. प्रत्येक टाकी नियमात बसते म्हणून एकूण बेरीज न करणे ही नेहमीची चूक.

२,००० केव्हीएचा (सुमारे १,६०० किलोवॅट क्षमतेचा) जनरेटर पूर्ण भाराला तासाला सुमारे ४०० लिटर डिझेल पितो, म्हणजे ९९० लिटर अडीच तासही पुरत नाहीत. मोठ्या केंद्रांना म्हणूनच जमिनीखालचा साठा करावा लागतो आणि त्यासाठी ‘पेसो’कडे, म्हणजे केंद्राच्या पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटनेकडे, जावे लागते, तिचे पश्चिम विभागाचे कार्यालय सीबीडी बेलापूरलाच आहे. आधी नकाशाला मंजुरी, मग बांधकाम, टाकीची चाचणी, सुरक्षितता प्रमाणपत्र आणि शेवटी परवाना, असा क्रम असतो. मंजुरीनंतर टाकी दोन मीटर जरी सरकवली, तरी नकाशा पुन्हा सादर करावा लागतो. खाडीकाठच्या जमिनीत पावसाळ्यात पाणी वर येते आणि रिकामी टाकी तरंगू पाहते: २०,००० लिटरच्या टाकीला जवळपास २० टनांचा उचल असतो. तिला काँक्रीटच्या पायाला पट्ट्यांनी जखडले नाही, तर पाइपांचे जोड तुटतात.

धुराड्याची उंचीही नियमानेच ठरते. लहान जनरेटरसाठी केव्हीएच्या वर्गमूळाला ०.२ ने गुणायचे आणि येणारे मीटर इमारतीच्या उंचीत मिळवायचे. ८०० किलोवॅटवरच्या मोठ्या जनरेटरचे धुराडे इमारतीपेक्षा किमान ६ मीटर आणि एकूण किमान ३० मीटर उंच लागते. विमानतळ प्राधिकरणाच्या उंचीच्या ना-हरकत दाखल्यासाठी अर्ज करताना गच्चीपर्यंतचीच उंची लिहिली, तर हे वरचे मीटर नंतर आडवे येतात. मोजायचे असते ते धुराड्याचे टोक.

१ जुलै २०२३ पासून लागू झालेली उत्सर्जनाची कडक मानके ८०० किलोवॅटपर्यंतच्या जनरेटरना आहेत. डेटा सेंटरचे मोठे जनरेटर त्यावरचे असल्याने त्यांना जुनी, वेगळी मानके लागतात. जिथे लोकवस्ती लागून आहे, तिथे ही सीमा फेरविचार मागते.

‘सर्ट-इन’ या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटना सहा तासांत कळवावी लागते आणि लॉग, म्हणजे सर्व्हरच्या कामकाजाच्या नोंदी, १८० दिवस जपावे लागतात. रात्रपाळीच्या माणसाला कळवण्याचा अधिकारच दिलेला नसेल, तर हे तास साहेबांना फोन लावण्यातच संपतात. सर्व्हरची घड्याळे एकमेकांशी जुळलेली नसतील, तर जपलेल्या लॉगवरून घटनाक्रम लावता येत नाही.

ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्राने किमान ५ मेगावॅटच्या डेटा सेंटरना पायाभूत सुविधांचा दर्जा दिला. त्याने दीर्घ मुदतीचे कर्ज सोपे झाले. विजेसाठी अनेक ग्राहक मिळून सौर प्रकल्पात भागीदार होतात. ‘कॅप्टिव्ह’, म्हणजे स्वतःच्या वापरासाठीचा प्रकल्प, या दर्जासाठी त्यांची मालकी किमान २६ टक्के आणि वर्षभरातील वापर उत्पादनाच्या किमान ५१ टक्के असावा लागतो. वापर त्याखाली गेला, तर संपूर्ण वर्षाच्या विजेवर क्रॉस-सबसिडी अधिभार (इतर ग्राहकांची सवलत भरून काढण्यासाठीची आकारणी) बसतो. नव्या केंद्रात सर्व्हर हळूहळू भरत जातात, त्यामुळे हा धोका पहिल्या वर्षातच जास्त असतो.