तेल – आवश्यकतेनुसार

आंतरजालावरील ‘हेल्दी’ पाककृतींच्या साहित्यात ‘तेल – आवश्यकतेनुसार’ ही ओळ वारंवार आढळते, आणि त्याच पाककृतीच्या शेवटी ‘प्रति थालीपीठ 218 कॅलरी’ असा अगदी नेमका वाटणारा आकडा दिलेला असतो. ज्या तेलाचे मापच सांगितलेले नाही, ते या आकड्यात किती धरले आहे, हे वाचकाने कसे ओळखावे?

ते पडताळून पाहता येते. 60 ग्रॅम भाजणीतून साधारण 210 किलोकॅलरी मिळतात (बोलताना आपण यांनाच कॅलरी म्हणतो). त्यात थोडा कांदा आणि कोथिंबीर मिळवली की 218 भरतात. म्हणजे तेल शून्य धरले गेले. प्रत्यक्षात थालीपीठाला भोके पाडून त्यांत आणि कडेने तेल सोडले जाते, उलटल्यावर पुन्हा थोडे घातले जाते. पाच मिलिलिटरच्या एका चमचा तेलात सुमारे 40 किलोकॅलरी असतात, त्यामुळे दोन-तीन चमच्यांत हा आकडा तीनशेच्या पार जातो. वरचा लोण्याचा गोळा वेगळाच.

दुसरी मोठी चूक कच्च्या आणि शिजलेल्या वजनाची गल्लत केल्याने होते. शंभर ग्रॅम तांदळात सुमारे 350 किलोकॅलरी असतात, तर शंभर ग्रॅम भातात सुमारे 130, कारण शिजताना तांदूळ पाणी शोषून घेतो. ॲपमध्ये भाताऐवजी तांदळाची नोंद निवडली गेली, की उत्तर अडीच पटींहून अधिक फुगते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2017 मध्ये 528 भारतीय खाद्यपदार्थांचे घटक तक्त्यांच्या रूपात प्रसिद्ध केले आहेत. परंतु तक्ता कितीही चांगला असला तरी ‘एक वाटी’ म्हणजे किती ग्रॅम, हे तो सांगू शकत नाही. साखरेऐवजी मध घातल्याने कॅलरी घटतात, हा दावाही असाच तपासावा : मोठा चमचाभर मधात सुमारे 64 किलोकॅलरी असतात, तेवढ्याच साखरेत सुमारे 48.

खुद्द मोजणीच्या पद्धतीलाही मर्यादा आहेत. एक ग्रॅम प्रथिने किंवा कर्बोदकांमागे 4 आणि स्निग्धांशामागे 9 किलोकॅलरी हे गुणक अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ विल्बर ॲटवॉटर यांच्या एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या प्रयोगांतून आले. ते सरासरीचे आहेत. अमेरिकेच्या कृषी विभागातील संशोधकांनी 2012 मध्ये बदाम खाणाऱ्या माणसांवर प्रत्यक्ष मोजणी केली, तेव्हा 28 ग्रॅम बदामांतून शरीराला सुमारे 129 किलोकॅलरीच मिळाल्या. गुणकांनुसार त्या 170च्या आसपास यायला हव्या होत्या. बदाम चावूनही अनेक पेशींच्या भिंती शाबूत राहतात आणि आतील तेल न पचता बाहेर पडते. बदाम बारीक वाटले, तर त्यातले बरेचसे तेल शरीराला मिळते. म्हणजे तेच बदाम, तेवढेच वजन, आणि तरीही उत्तर निराळे.

वजन उतरवू पाहणाऱ्याची अशा आकड्यांमुळे निराशा होते. मात्र जेवणातील कर्बोदके मोजून इन्सुलिनची मात्रा ठरवणाऱ्या मधुमेही व्यक्तीसाठी कर्बोदकांचा चुकीचा आकडा धोक्याचा ठरू शकतो. म्हणून या निष्काळजीपणाकडे मला क्षुल्लक बाब म्हणून पाहता येत नाही.

घरी याहून बरे उत्तर काढण्यासाठी स्वयंपाकघरातला साधा वजनकाटा पुरतो. सर्व साहित्य कच्चे असतानाच तोलावे, तेलाची बाटली आधी आणि नंतर काट्यावर ठेवून फरक नोंदवावा, आणि तयार पदार्थाचे वजन भांड्याचे वजन वजा करून घ्यावे. मग ताटात वाढलेल्या ग्रॅमांनुसार एकूण कॅलरीतला आपला वाटा काढता येतो.